निंबाजीकाकांचा हिरवा झेंडा

काम असलं की फायली साठतात, काम नसलं की किस्से. आमच्या धावपट्टीवर एकोणीस वर्षांत एकही विमान उतरलं नाही, म्हणजे किश्श्यांना काय तोटा!

सातपुड्याच्या पायथ्याशी डांबराची लांबलचक पट्टी, कडेला एक खोली, मी कारकून आणि निंबाजीकाका चौकीदार. काकांचं तीन एकर वावर या पट्टीत गेलं, बदल्यात ही नोकरी. आपल्या वावरात विमान उतरताना पाहायचं, एवढीच त्यांची हौस. साहेबांनी त्यांना दोन झेंडे दिले होते. विमानाला उतरू द्यायचं तर हिरवा, नाहीतर लाल. पट्टीवर जे येईल ते हाकलायचं आणि नोंदवहीत लिहायचं. डुकरं हाकलून लाल झेंड्याच्या चिंध्या झाल्या, तीनदा नवा आला. हिरवा मात्र पेटीत, डांबरगोळ्या घालून, इस्त्रीसकट!

*

वडनेर भोलजी गावचा काकांचा साळा दर दिवाळीला विचारायचा, "भाऊजी, विमान कधी येते?"

"येऊन राह्यलं!"

एका वर्षी साळा वैतागला. "काऊन हो, पायी येऊन राह्यलं का?"

*

पट्टीच्या विस्ताराचं भूमिपूजन तीनदा झालं, तीन वेगळ्या पुढाऱ्यांच्या हस्ते. तिसऱ्या खेपेला कुदळ कुठं मारायची, यावरून साहेब गोंधळले. काकांनी बोट दाखवलं.

"तिथंच मारा साहेब. दोनदा खणेल हाये, माती भुसभुशीत हाये!"

*

वाऱ्याची दिशा कळावी म्हणून खांबावर लांब कापडी पिशवी लावलेली आहे. तपासणीच्या अधिकाऱ्यांनी काकांना विचारलं, "हिच्याकडे रोज कोणी पाहतं का?"

"हाव साहेब, सारं गाव पायते. फवारणी त्यावरच ठरते!"

त्याच तपासणीत आम्हाला सुरक्षिततेचं प्रशस्तिपत्र मिळालं. अपघात निरंक. उड्डाणांचा रकाना कोणी वाचलाच नाही.

*

काकांच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. विमान येतच नाही म्हटल्यावर गावाचा मका पट्टीवर वाळायचा, परवानगी काकांचीच. त्या सकाळी पट्टीभर मका पसरलेला, सात-आठ बाया पायानं तो हलवत होत्या. इतक्यात डोंगराकडून घरघर आली. छोटंसं पांढरं विमान, उतरायला चाकं बाहेर काढून, सरळ आमच्याकडे! ते येणार असल्याचं पत्र आम्हाला आठ दिवसांनी मिळालं.

काका पेटीकडे धावले. हिरवा झेंडा काढला, घडी मोडली. दारात येऊन त्यांनी पट्टीकडे पाहिलं. बाया मका सोडून हलेनात. एक तर विमानालाच ओरडत होती, "अय, तिकून जा नं! मका दिसत नाही का तुले?"

काकांनी हिरवा माझ्या हातात दिला, लाल उचलला आणि पट्टीच्या मधोमध पळत सुटले. विमान डोक्यावरून गेलं, वर उठलं आणि परत फिरलं. खरं सांगतो, मला रडू आवरेना.

काका परत आले, तांब्याभर पाणी प्यायले, नोंदवही उघडली. आदल्या दिवशीची नोंद होती, "डुकरं आली. हाकलली."

त्याखाली त्यांनी सावकाश लिहिलं, "विमान आलं. हाकललं."