सगळ्या पेठांत दवंडी

पेशवाईतली गोष्ट. जुबेदा मणेरीण पुण्याच्या पेठांत बांगड्या भरत फिरे. राहायला कसब्यात, मोळ्या विकणाऱ्या सरुबाईच्या शेजारी. मणेरणीला कोणत्याही घराच्या मागच्या पडवीत मज्जाव नसे, आणि हात तिच्या हातात असेपर्यंत समोरची बाई उठूनही जाऊ शकत नसे. याचा जुबेदाने एकदा जो उपयोग केला, तो सांगण्यासारखा आहे.

त्या आषाढात सरुबाईची चार वर्षांची शकू बाजारात हरवली. सरुबाईने कसब्याच्या चावडीवर खेटे घातले. "इथे पोर आलेली नाही," एवढंच उत्तर मिळे, आणि ते खरंही होतं. शकू वेताळ पेठेत सापडली होती. रिवाज असा, की मूल ज्या पेठेत सापडेल त्याच पेठेत दवंडी पिटायची. कोणी आलं नाही, तर मूल एखाद्या घरी कामाला द्यायचं. एका चावडीचं दुसरीला ठाऊक नसे.

नागपंचमीच्या तोंडावर जुबेदा वेताळ पेठेचे महाजन श्रीनिवासशेट यांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी विजयमालाबाई हात पुढे करून बसल्या होत्या. डावा हात भरून झाला, तोच आतून एक पोर धावत आली आणि जुबेदाच्या गळ्यात पडली. शकूच होती ती.

ओसरीवरून श्रीनिवासशेट म्हणाले, "रीतसर दवंडी झाली आहे. चावडीच्या हुकुमाने पोर आमच्याकडे आहे."

"शेट, कसब्यातली दवंडी आपल्याला इथे ऐकू येते?"

"नाही येत."

"मग इथली तिथे कशी जावी?"

"रिवाज मी केलेला नाही."

"महाजन आपण आहात. मग काय मी केला?"

शेट आत निघून गेले. विजयमालाबाई हळूच म्हणाल्या, "घेऊन जा गं तिला. मी पाहिलं नाही म्हणेन."

शकूला उचलून नेणं सोपं होतं. जुबेदा म्हणाली, "आज ही सापडली. उद्या दुसरीला मी कुठे शोधू, बाईसाहेब?"

विजयमालाबाईंनी जरा विचार केला आणि उजवा हात पदराखाली घेतला. "हा राहू दे."

"एक हात भरून दुसरा तसाच ठेवत नाहीत."

"ठाऊक आहे. म्हणूनच. दवंडी सगळीकडे वाजली की भर."

जुबेदा मग इतर पेठांच्या महाजनांच्या घरी गेली. शकूची हकीकत सांगितली, विजयमालाबाईंचा हातही सांगितला. कोणाला नावं ठेवली नाहीत. घरोघरी डावे हात भरले, उजवे राहिले. सुवासिनीचा एकच हात भरलेला, तोही सणाला. महाजनांना जेवण गोड लागेना. शेवटी सगळे मिळून शहरच्या अंमलदाराकडे गेले. तो कुरकुरला, पण सगळ्या पेठा एका तोंडाने बोलताहेत म्हटल्यावर त्याने हुकूम दिला: मूल कुठेही सापडो, दवंडी सगळ्या पेठांत, त्याआधी मूल कोणाला द्यायचं नाही.

"हुकूम आजपासून," तो म्हणाला. "तेव्हा ही पोरही इथेच चावडीवर बसेल. आधी दवंडी फिरू दे."

श्रीनिवासशेटांनी शकूला बरोबर आणलं होतं, आणि जुबेदाकडून कळल्यामुळे सरुबाईही तिथेच होती. "माझी पोर आहे हे आता सगळ्या गावाला माहीत आहे. मग दवंडी कशाला? जुबेदा, सांग ना यांना."

"फिरू दे," जुबेदा म्हणाली. "आपल्या पोरीसाठी हुकूम मोडला, तर दुसऱ्याच्या पोरीसाठी कोण पाळेल?"

"तुझी असती म्हणजे कळलं असतं," म्हणून सरुबाई तडक घरी निघून गेली. जुबेदा शकूला मांडीवर घेऊन चावडीवर बसून राहिली. दवंडीवाला एकेक पेठ करत कसब्यात पोचला, तेव्हा सरुबाई दारातच उभी होती. त्याचं म्हणणं पुरं व्हायच्या आत ती धावत सुटली.

"पोर कोणाची?" अंमलदाराने रीतसर विचारलं.

"माझी."

परतताना दमल्यावर सरुबाईने शकूला जुबेदाच्या कडेवर दिलं. बोलली मात्र दुसऱ्या दिवशी.