शेंडीवरची शाल

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. सोनपेठच्या आमच्या गल्लीतली एक मुलगी मोठ्या शहरात विषाणूंवर संशोधन करते. सुट्टीत आली की ओट्यावर बसते आणि काहीही विचारलं तरी म्हणते, “काका, सध्या एवढंच कळलंय.” मला तेवढं पुरत नव्हतं. तिने विषाणूवर औषध शोधलं, असं गावभर सांगून मीच तिचा सत्कार ठेवला.

माईक हातात येताच ती म्हणाली, “औषध न्हाई सापडलं.” मग सत्काराचा नारळ उचलला. “ही आपली पेशी समजा. ही शेंडी म्हंजे तिच्यावरचं प्रथिन. ते धरूनच विषाणू आत शिरतो.” तिने शेंडीवर शाल पांघरली. “झाकलं, की त्याला धरायला जागा न्हाई. पण हे प्रयोगशाळेत, काचेच्या ताटलीतल्या पेशींवर झालं. माणसात काय होईल, ठाऊक न्हाई.”

मी माईक ओढला. “मग इतकं शिकून तिथं नारळ सोलायलीस का?”

मंडप हसला. तिने शालीची नीट घडी करून माझ्या हातात दिली.

ती खरं बोलली होती, खोटं माझं होतं. आजही सुट्टीत आली की येता-जाता ती विचारते, “काका, बीपीची गोळी घेतली का?” मी “घेतली” म्हणतो. त्यापुढचं “चुकलो, पोरी” ओठांशीच राहतं.