ट्राउडेलबाईंची किंकाळी

आमच्या हॅम्बुर्गमध्ये परदेशी सिनेमातली माणसं जर्मन बोलतात आणि मरतातही जर्मनमध्येच. खालच्या मजल्यावरच्या ट्राउडेलबाईंनी तरुणपणी अशा कितीतरी नट्यांना आवाज दिला होता, बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात खून होणाऱ्या. आम्हाला याचा पत्ताच नव्हता. आम्ही वर पत्रे बडवून, ड्रिल फिरवून संगीत करायचो आणि मधेमधे जुन्या व्हिडिओ कॅसेटमधले आवाज पेरायचो. त्या दिवशी एका भयपटातली किंकाळी सकाळपासून वाजवत होतो, तोच बाई एप्रन न काढताच जिना चढून आल्या.

"मेल्यांनो, ही मी आहे!"

आमचा कारस्टेन चाचरला, "चुकलं बाई, काढून टाकतो."

"काढतोस काय? अर्धीच का कापलीस ते सांग! शेवटचा हुंदका कुठाय? तोच तर झकास जमला होता. आण तो माइक इकडे!"

आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून बाईंनी अशी किंकाळी फोडली, की शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. पोलीस येऊन दार बडवायला लागले, तेव्हा बाई तिसऱ्यांदा मरत होत्या. रेकॉर्डिंग चालूच होतं, म्हणून आमच्या अल्बममध्ये त्या दणादण थापांचा ठेका आहे आणि त्यावर बाईंचा करवादलेला आवाज:

"थांबा हो जरा! अजून पुरती मेले नाहीये मी!"