पंधराजणांची खाडी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कुणाला काय बोलले ते वाचून कुणी दचकायला नको.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला सांगितलं, की यंदापासून एक विषय आपल्या आवडीने निवडायचा. आमच्या विभागाने चार ठेवले होते: आळंबीची लागवड, आहारशास्त्र, सौंदर्यप्रसाधनं आणि खाडीतली जीवसृष्टी. सर म्हणाले, "मनापासून आवडेल ते घ्या. फक्त पंधरा जण झाले नाहीत, तर तो विषय चालणार नाही." म्हणजे आवड माझी, पण ती आणखी चौदा जणांना असली पाहिजे. दुसरीकडची मुलं गोंधळली असती. आम्हाला लगेच कळलं. आमच्या शहरातल्या धामणकर नाक्यावरची शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलते का कधी?

मला खाडीच हवी होती. आमचं घर खाडीकाठचं. बाबा आता गोदाम भाड्याने देतात, पण मी लहान असताना ते ओहोटीला चिखलात उतरायचे आणि निवट्या पकडून आणायचे. चिखलावर टणाटण उड्या मारणारे, डोळे वटारलेले बोटभर मासे, त्या निवट्या. मग हळूहळू त्या मिळेनाशा झाल्या. बाबांनी खाडीवर जाणं सोडलं आणि घरात त्यावर कुणी बोलेनासं झालं. त्या कुठे गेल्या, का गेल्या, परत येतील का, हे मला कुणीतरी नीट शिकवावं असं फार वाटायचं. आळंबी घेऊन मी काय करणार होते?

बाबांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "खाडीत जायला फी भरतंस? आमी तर फुकट जायचो!"

मी प्रचाराला लागले. टेमघरची माझी मैत्रीण म्हणाली, "मला चिखल चालत नाही, बाई." मी म्हटलं, "मग सासर काय संगमरवरातलं शोधून ठेवलंयस?" शेवटी तिच्या जर्नलमधल्या सगळ्या आकृत्या काढून द्यायचं कबूल केलं, तेव्हा ती हो म्हणाली. लूमवाल्यांचा, म्हणजे यंत्रमाग चालवणाऱ्यांचा, एक मुलगा वर्गात होता. तो म्हणाला, "खाडी में बदबू के सिवा है क्या?" मी म्हटलं, "उसी के तो मार्क मिलेंगे!" तो पटकन तयार झाला आणि आपल्या तीन दोस्तांनाही घेऊन आला. काही जणांना मी चिंबोरीच्या कालवणाचं आमिष दाखवलं. आईला न विचारता.

फॉर्म मोबाइलवर भरायचा होता, शेवटच्या दिवशी पाचपर्यंत. "उद्या भरतो" म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी कॅन्टीनमध्ये टेबल अडवून बसले आणि एकेकाचा फोन हातात घेऊन स्वतः भरू लागले. एकाला पासवर्ड आठवेना, एकाच्या फोनची बॅटरी संपली, एकीला ऐन वेळी आळंबीचा पुळका आला. तिला मी असं काही झापलं, की कॅन्टीनवाला भजी तळायची थांबला. पाचला पाच कमी असताना पंधरावा फॉर्म गेला. मी धरून सोळा, एक जास्तीचाच! मी स्वतःला कटिंग चहा पाजला.

सोमवारी बोर्डावर यादी लागली. खाडी: पंधरा नावं. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. माझं नाव सौंदर्यप्रसाधनांत होतं. माझा फॉर्म मी सकाळीच भरून ठेवला होता आणि शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. फॉर्म न आलेल्यांना जिथे जागा शिल्लक होती तिथे ढकललं होतं.

मैत्रीण यादीसमोरच हसत सुटली. "नाक्यावर 'टेमघर, टेमघर' ओरडून रिक्षा भरणारा माणूस कधी रिक्षात बसतो का गं?"

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. ऑफिसात जाऊन भांडले, मग हात जोडले, मग सरळ रडले. खाडी शिकवणाऱ्या मॅडमना माझी दया आली, पण सिस्टीम बंद झाली होती. चिखल नको असलेले पंधरा जण चिखलात जाणार आणि मी मेण वितळवून लिपबाम करणार! डोकं नुसतं भणभणत होतं.

घरी सांगितलं. वाटलं, बाबा आता लोळून हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्यांना खाडीवर कदी नेनार?"

"शनिवारी सकाळी आठला."

"तवा भरती हाय. काय डोंबल दिसनार?"

त्यांनी माझ्याकडून मॅडमचा नंबर घेतला आणि मॅडमना भरती-ओहोटीचं सगळं गणित तोंडपाठ सांगितलं. मॅडमनी वेळ बदलली आणि वाट दाखवायला बाबांनाच बोलावलं. तेव्हापासून दर शनिवारी बाबा पुढे, पंधरा जण मागे आणि सगळ्यांत शेवटी मी, हजेरीत नाव नसलेली. पाऊल कुठे टाकायचं, रुतलेला पाय कसा काढायचा, हे बाबा ओरडून ओरडून शिकवायचे. लूमवाल्यांचा मुलगा एकदा कमरेपर्यंत रुतला. "चाचा, बचाओ!" म्हणाला तर मार्कांचा किस्सा माझ्याकडून ऐकलेले बाबा म्हणाले, "पयले मार्क मिळाले काय ते बोल!"

दोन शनिवार निवटी दिसली नाही. बाबा नुसते बघत राहायचे. तिसऱ्या शनिवारी ते एकदम थांबले आणि बोट दाखवलं. एकच होती, एवढीशी. सगळे एकदम किंचाळले आणि ती गडप झाली. "हाय," बाबा म्हणाले. "अजून हाय." मग ती गडप झाली त्या बिळापाशी ते उकिडवे बसले. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

सत्र संपलं. लिपबाममध्ये मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले आणि पंधरा जणांना खाडीचं प्रमाणपत्र मिळालं. मॅडमनी एक जास्तीचं करून घेतलं होतं. मी पुढे झाले. त्यावर बाबांचं नाव होतं, 'क्षेत्रीय मार्गदर्शक' म्हणून. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाने ते दोन्ही हातांनी घेतलं, घरी येईपर्यंत पोटाशी धरलं आणि दुसऱ्याच दिवशी फ्रेम करून आणलं. आता घरी कुणी आलं की ते आधी फ्रेमकडे बोट दाखवतात आणि मग माझ्याकडे बघून सांगतात, "हिचं न्हाय, माझं हाय."