बदकांखालची वाळू

लग्नानंतर काही महिन्यांनी वडील मला भेटायला आले ते टोपलीत बदकांची जोडी घेऊन. मौद्याकडून एसटीनं आले, आणि कंडक्टरनं टोपलीचंही तिकीट मागितलं म्हणून वाटभर भांडत आले. माझा स्वभाव कुणावर गेला ते सांगायला नको. सत्तरच्या दशकातली गोष्ट ही. वडलांनी विणकाम सोडून धानाची शेती धरली होती, पण मला मात्र दिलं नागपुरातल्या विणकराच्याच घरी.

त्या घरात दिवसभर हातमागाची खटखट चालायची. नवरा मागावर, सासूबाई चरख्यावर, आणि मी चुलीपाशी. माहेरी माझ्या तोंडाला कुलूप म्हणून कधी लागलं नव्हतं. इथे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवण झालं’ एवढ्यात दिवस उरकायचा. बदकं आली आणि माझी सोय झाली. पहाटे माग सुरू व्हायच्या आत मी त्यांच्याजवळ बसायची आणि पोटभर बोलून घ्यायची. आईबद्दल, शेताबद्दल, आणि खोटं कशाला सांगू, सासूबाईंबद्दलही. बदकं मान वाकडी करून सगळं ऐकून घ्यायची. त्यांच्यामुळेच मी त्या घरात टिकले होते.

नवऱ्यानं अंगणाच्या कोपऱ्यात बांबूचे तट्टे बांधून त्यांना जागा करून दिली होती. पण बदकाला पाणी दिलं की ते अर्धं पितं आणि अर्धं अंगणाला पाजतं. त्यात आमची माती काळी. आठ दिवसांत कोपऱ्यात रबडी झाली आणि ती तट्ट्याखालून बाहेर यायला लागली. ह्याच अंगणात सुताला खळ लावून लांबच लांब ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, वाळत घालायचा असायचा, आणि त्यावरच घर चालायचं.

सासूबाई चरखा थांबवून म्हणाल्या, “ताणा लावाच्या दिवशी चिखल दिसला तं बदकं सीधे बाजारात. आयकलं का वं?”

मी मान हलवली. बदकं बाजारात गेली तर आपणही मौद्याच्या गाडीत बसायचं, हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

आधी विटांचे तुकडे पसरले. बदकांचे तळवे मऊ, दोन्ही लंगडायला लागली. मग माहेरची आठवण झाली. गावी आम्ही बदकांखाली धानाचा कोंडा टाकायचो. गिरणीतून पोतं आणलं आणि चांगला जाड थर दिला. कोपरा कोरडा ठणठणीत, बदकं ऐसपैस बसलेली. मी स्वतःवर इतकी खूश होते की त्या दिवशी चुलीपाशी गुणगुणलेसुद्धा.

ताण्याचा दिवस आला. खळीनं ओलं झालेलं सूत अंगणभर ताणलं होतं. दुपारी वारा सुटला, बदकांनी पंख फडफडवले आणि कोंडा उडाला तो थेट सुतावर. ओल्या खळीला चिकटून बसला. वडलांच्या घरी माग उरलाच नव्हता, मला हे सुचणार कुठून? वाळायच्या आत तो निघाला नसता तर विणताना धागा जागोजागी तुटला असता.

सासूबाई ओरडल्या नाहीत. ताण्याच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी, कोंड्याचं एकेक तूस वेचत राहिलो. मी मनातल्या मनात ट्रंक भरत होते. रडू येत होतं, पण हात खळीनं माखलेले, डोळे पुसायचीही चोरी.

सूत साफ झालं तशा सासूबाई उठल्या आणि तट्ट्याच्या आत शिरल्या. मी धावले. बदकं कोपऱ्यात दबकली होती आणि त्या फावड्यानं कोंडा पोत्यात भरत होत्या.

नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, “बाजूच्या बांधकामावर कन्हान नदीची वाळू पडली आहे. त्याइले विचारून गाडाभर घेऊन ये गा.” मग माझ्याकडे वळल्या. “रांजणाखाली वाळू टाकतो नं आपण? तिथं चिखल होते का कधी? अन् वाळू काही उडत नाही.”

वाळूचा हातभर थर पडला. बदकं त्यावर चालून पाहायला लागली. मला राहवलं नाही. “आत्याबाई, तुमी तं त्याइले बाजारात नेणार होत्या.”

“होतो.” त्या वाळू हातानं सारखी करत राहिल्या. “पहाटे तू त्याइच्यासंग बोलते, ते मले आतून आयकू येते. माह्या चुगल्याही आयकल्या. पण ह्या घरात तुहा आवाज तेवढाच येते वं. बदकं गेले तं तोही जाईन.”

मी तिथेच वाळूत बसले आणि हमसून हमसून रडले. मग डोळे पुसून मादीला उचललं, सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि बोलायला लागले. दिवेलागण झाली तरी मी बोलतच होते, आणि त्यांनी उठायचं नाव घेतलं नाही.