लग्नपत्रिकेच्या अक्षरातला कवी

माझ्या उभ्या आयुष्यात मला सौद्यात हरवणारा एकच माणूस भेटला, आणि आपण कुणाला हरवलं याचा त्या माणसाला आजतागायत पत्ता नाही. मी गेवराईत हायवेच्या कडेला जुनी डिझेल इंजिनं, मोटारी आणि पाइप यांचा धंदा करतो. सुरुवात बैलबाजारात दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून केली, तिथून दलालीत शिरलो, तिथून हे दुकान. मध्ये कुणी मला हात दिला नाही, त्यामुळे मीही कुणाला फुकट हात देत नाही. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या गावाला माहीत आहे. गिऱ्हाईक निम्म्या भावाला मागायला लागलं की मी हातातला पाना फेकतो, हेही माहीत आहे. अशा माणसाला एका कवीनं गुंडाळावं, हा धक्का मला अजून पचलेला नाही.

हे कवी म्हणजे चकलांब्याकडच्या एका विनाअनुदानित शाळेतले मराठीचे मास्तर. विनाअनुदानित म्हणजे शाळा खरी, मुलं खरी, खडूसुद्धा खरा. फक्त पगार ‘अनुदान आल्यावर’. ते अनुदान आठ वर्षं येतच होतं. बायको मशीनवर ब्लाउज शिवायची आणि त्यावर घर चालायचं. मास्तर अंगानं इतके बारीक, की एसटीत दोघांच्या बाकावर तिसरे म्हणून बसले तरी कुणी हूं की चूं करत नसे. भाजीवाली जो भाव सांगेल तो देत, वर “एवढ्या उन्हात बसलात” म्हणून सुटे परत घेत नसत. एकदा माझ्यादेखत ते आपली सायकल विकत होते. घेणारा बिचारा मुकाट्यानं चाक फिरवून बघत होता, तर हे स्वतःहून सांगायला लागले, “हिचा मागचा ब्रेक लागत न्हाई. पण तिची चूक न्हाई, मीच लक्ष दिलं न्हाई.” मला धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. विकणाराच असं बोलायला लागला तर घेणाऱ्यानं काय बोलायचं? बाजाराला काही रीत आहे की नाही?

त्यांचे वडील वारले, विहिरीवर वीज आली, तेव्हा पडून असलेलं डिझेल इंजिन घेऊन ते माझ्याकडे आले. माझ्या दुकानात तेव्हा दुसरे दोन व्यापारी बसले होते आणि इंजिन बघून त्यांचे डोळे चमकलेले मला दिसले. म्हणून मी बैलबाजारातली जुनी पद्धत काढली. मास्तरांच्या हातावर माझा रुमाल टाकला, आणि रुमालाखाली त्यांची चार बोटं धरून दाबली. चार बोटं म्हणजे चार हजार. समोरच्याला पटलं नाही तर तो आपली बोटं दाबून त्याचा भाव सांगतो, आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलंय, लहान पोराला समजतं. मास्तरांना समजलं नाही. त्यांना वाटलं, वडिलांची वस्तू विकावी लागतेय म्हणून मी त्यांना धीर देतोय. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा अख्खा पंजा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाले, “बस, आप्पा. आता काही बोलू नका.”

अख्खा पंजा म्हणजे पाच हजार, आणि ‘आता बोलू नका’ म्हणजे शेवटचा भाव. मी गडबडून हात ओढला, त्यात रुमाल निसटून खाली पडला. रुमाल निघाला की जबान झाली, मग मागं फिरता येत नाही. ते दोन व्यापारी गालात हसत होते. मी पाच हजार दिले. मास्तर नोटा न मोजता खिशात घालून गेले, तेही रडत.

हे मी एक वेळ विसरलो असतो. पण पुढच्या हिवाळ्यात आमच्या इथला कॅफेवाला दुकानात आला. आधी हा गडी एसटीडीचं बूथ चालवायचा. मोबाइल आले तसा त्यानं एक कॉम्प्युटर घेतला, लग्नाच्या पत्रिका छापायला लागला, आणि त्याच कॉम्प्युटरवर तासाच्या हिशेबानं लोकांना इंटरनेटला बसवायला लागला. तो म्हणाला, “आप्पा, तुमी इंटरनेटवर आलात की हो!”

“मी? मी कशाला जातो तिथं?”

“मास्तरनं नेलं. त्याचा ब्लॉग हाय. ब्लॉग म्हंजे आपली वही, पण जगापुढं उघडी ठेवलेली. तुमच्यावर लिवलंय त्यात. सगळी दुनिया वाचतीया.”

मी तसाच उठलो. त्याच्या कॅफेतल्या प्लायवुडच्या खोपटात, दहावीचा निकाल बघायला आलेल्या पोरांसारखा, गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि वाचलं. ‘गेवराईच्या एका व्यापाऱ्यानं रुमालाखाली माझा हात हातात घेतला. शब्दांनी जे जमत नाही ते त्या कोमल हृदयाच्या माणसानं बोटांनी सांगितलं.’ मी गार पडलो. मला लबाड म्हणा, कंजूष म्हणा, तोंडावर शिवी द्या. बाजारात त्यानं वजन वाढतंच. पण कोमल हृदयाचा? तेही सगळ्या दुनियेपुढं? त्याच दुपारी मी मास्तरांना शाळेच्या फाटकात गाठलं.

“मास्तर, हे काय लिवलंय तुमी?”

“कावून? खोटं हाय का, आप्पा?”

“मी कोमल हाय?”

“लई. पण तुमी लपवता.”

“अहो, माझा धंदा बसंल! उद्या एकेक गिऱ्हाईक रडत येईल माझ्या दारात!”

“येऊ द्या की,” मास्तर शांतपणे म्हणाले. “रडायला जागा हाय कुठं माणसाला?”

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं! तेव्हापासून मी दर बाजारच्या दिवशी कॅफेत जायला लागलो. माझ्याबद्दल आणखी काय काय लिहिलंय यावर लक्ष ठेवायला, दुसऱ्या कशाला नाही. माझ्याबद्दल पुन्हा काहीच नव्हतं. दुसरंच होतं. दिवाळीनंतर शिरूर कासारकडची सगळी बिऱ्हाडं ऊसतोडीला निघाली की वर्गात अकरा पोरं उरतात, त्या रिकाम्या बाकांकडे बघून व्याकरण शिकवताना काय वाटतं, ते होतं. आठ वर्षं बिनपगारी माणसाला सासुरवाडीत ताट कसं वाढतात, ते होतं. आणि सगळ्यात जास्त होतं ते लिहिणं जमत नाही याबद्दल. रोज पहाटे वही उघडून बसतो, कविता येत नाही, डास येतात. बायको चहा ठेवता ठेवता ‘आज आली का?’ असं विचारते, जसं नळाच्या पाण्याबद्दल विचारावं. वाचून मी चक्रावून जायचो. माझी अर्धी हयात नाही ते आहे असं दाखवण्यात गेली, आणि हा माणूस आपली एकेक खोट जगापुढं मांडून बसला होता. आणि हे सगळं वेलबुट्टीच्या, नक्षीदार अक्षरांत, कारण कॅफेवाल्याकडे मराठी टायपिंगला लग्नपत्रिकेचेच फॉन्ट होते. एवढं दुःख आणि खाली फक्त ‘आपले नम्र’ लिहायचं बाकी.

पानाच्या तळाशी एक आकडा असायचा, किती वेळा पान उघडलं त्याचा. मास्तर त्या आकड्यावर जगत होते. भेटले की पहिलं वाक्य तेच, “आप्पा, चारशेच्या वर गेले वाचक!” आणि अमेरिकेतल्या एका वाचकानं तर इंग्रजीत अभिप्रायही दिला होता, ‘फार छान लेख, असेच लिहीत राहा’ आणि खाली त्याचा पत्ता. मास्तर म्हणायचे, “मराठी शिकला असंल बिचारा, किती कष्ट घेतले असतील!” त्याच सुमाराला त्यांच्या मेहुण्यानं एका साखर कारखान्यात त्यांच्यासाठी कारकुनी ठरवली. पगार दर महिन्याला, खोली फुकट. पण काम दिवसभराचं आणि लांब, घाटाखाली. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. मास्तर नाही म्हणणार होते. म्हणाले, “आता लोक जमलेत, आप्पा. ऐकणारे बसलेले असताना मधीच उठून गेलो तर काय म्हणतील?” त्यांच्या बायकोला मी विचारलं, तर ती म्हणाली, “त्यांच्या मनाला येईल तसं,” आणि मशीन जोरात चालवायला लागली.

त्या आठवड्यात मी पुण्याला भाच्याकडे गेलो. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आपला मामा इंटरनेटवर आहे हे त्याला दाखवावं म्हणून मी कॅफेवाल्यानं चिठ्ठीवर लिहून दिलेला ब्लॉगचा पत्ता पुढं केला. त्यानं पान उघडलं. पडद्यावर टक्क्याची चिन्हं, कंस, उलटे स्वल्पविराम आणि डोक्यावर टिंबं घेतलेली परकी अक्षरं, पानंच्या पानं. एक शब्द मराठी नव्हता.

“हे काय रे?”

“मामा, हा फॉन्ट फक्त त्या कॅफेतल्या मशीनवर असणार. तिथं मराठी दिसत असेल. बाकी जगात कुणीही उघडलं तर हेच दिसतं.”

“कुणीही?”

“कुणीही.”

“मग चारशे लोक?”

भाच्यानं काहीतरी दाबून बघितलं. “सगळे त्या एकाच मशीनवरून आलेत, मामा. आणि हा अमेरिकावाला केस उगवायचं औषध विकतो. सगळ्यांना हेच लिहितो.”

खरं सांगतो, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. माझं कोमल हृदय दुनियेनं वाचलेलं नव्हतं. मग लक्षात आलं. माझं नाही, तसं त्या अकरा पोरांचंही कुणी वाचलं नव्हतं. त्या चारशेंत मास्तर होते, पत्रिका छापता छापता डोकावणारा कॅफेवाला होता, आणि मी. रात्रीच्या गाडीत मला झोप लागली नाही. न सांगावं, तर हा माणूस नसलेल्या लोकांसाठी असलेली भाकरी सोडणार. सांगावं, तर त्याच्याकडे उरतं काय?

शनिवारी दुपारी मी चकलांब्याला त्यांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. मला गोडीनं सांगता येत नाही. इंजिनाचा पिस्टन गेलाय हे सांगावं तसं सांगितलं. आत शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

मास्तर भिंतीकडे वळले. मग म्हणाले, “आन् अमेरिकेतला?”

“औषध विकतो. केसांचं.”

“बरं. म्हंजे कॅफेवाला आन् तुमी.”

“कॅफेवाला काय वाचतोय डोंबल! मीच.”

“तुमी किती वाचलंत?”

“सगळं. कावून, ठेवायचं होतं का काही?”

ते माझ्याकडे वळले. असा चेहरा मी बाजारात कधी पाहिला नाही. “मग कसं हाय, आप्पा?”

मी हादरलो. कुठल्याही मालात आधी खोट काढायची हा माझा जन्माचा धंदा. आणि त्या घटकेला मला एक खोट सापडेना. आतलं मशीनही माझ्या उत्तरासाठीच थांबलं होतं. शेवटी मी कसंबसं म्हणालो, “ते डासांचं जरा लांबलंय.”

मास्तरांनी उठून वही आणली. “कुठनं लांबलंय? सांगा.” आणि मग ऊन उतरेपर्यंत आम्ही बसलो. मी सांगत होतो, ते लिहून घेत होते, मध्येच “न्हाई, ते राहू द्या, ते हवंय” असं हट्टानं म्हणत होते. आत कधीतरी मशीन पुन्हा सुरू झालं. सोमवारी त्यांनी कारखान्याला होकार कळवला.

पुढं कॅफेवाल्यानं मोबाइलचं दुकान टाकलं, कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकला आणि फॉन्टही त्याच्याबरोबर गेला. मग ती फुकटची साइटच बंद पडली. वही मास्तरांच्या बिऱ्हाड हलवण्यात गहाळ झाली. कारखान्यात त्यांचं बरं चाललंय. अंगानं भरलेत, एसटीत आता दोघांच्या बाकावर दोघंच बसतात. लिहीत नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “गाळप सुरू असलं की टाइम न्हाई, आन् बंद असलं की जीव न्हाई.”

मागच्या सुट्टीत दुकानात आले होते. चहा सांगितला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणायला लागलो. पाठ केलेलं नव्हतं कधी, पण दर बाजारी त्यांच्याच ब्लॉगवर वाचून वाचून डोक्यात बसलेलं:

हजेरीत नाव आहे,
पोरगं फडावर आहे.
नाव घेतो, थांबतो,
ओ यायची वाट पाहतो.
मग वही मिटतो हळूच,
कुणी झोपलंय जणू आत.

मास्तर मान खाली घालून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, “चांगली हाय हो. कुणाची?”

थट्टा असणार म्हणून मी हसायला गेलो, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून थांबलो. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातला शेवटचा आकडा ओळखणारा मी, पण मला काही ओळखू येईना. विसरले होते, की विसरल्याचं सोंग होतं, की कुणा दुसऱ्याची म्हणून ऐकल्यावरच त्यांना ती पहिल्यांदा चांगली वाटली होती, ते आजही मला सांगता येणार नाही.

“व्हता एक मास्तर,” मी म्हणालो. “आमच्या चकलांब्याकडचा.”

“छापलीया का कुठं?”

“न्हाई.”

त्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची जरा पुढं ओढली. बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला, तो लांब जाईपर्यंत ते थांबले.

“आणखी एकदा म्हणा,” म्हणाले. मी म्हटली.