दाजींची मोटार

दाजींच्या जाण्याने एका युगाचा अंत झाला, असे उंब्रजच्या शोकसभेत अध्यक्ष म्हणाले. ते दूरदृष्टीचे होते, असेही म्हणाले. मला सांगलीत तार मिळाली तेव्हा असले काही सुचले नव्हते. शाळेत नववीचे पेपर तपासत होतो. तार वाचली आणि हातातला पेपर पुरा करूनच उठलो... त्याला पस्तीस गुण दिले, एवढे आठवते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि उंब्रजच्या स्टँडवरून सातारा-सांगलीची भाडी मारू लागले. मोटार दारात उन्हात उभी असे. त्यामुळे डॅशबोर्डाचे आणि दारांवर कोपर टेकायच्या पट्ट्यांचे काळे प्लॅस्टिक राखेसारखे पांढरे पडे. दर रविवारी दाजी ते रिठ्याच्या पाण्याने धूत, सावलीत वाळू देत, कोमट जवसाच्या तेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन चोळत आणि मग अर्धा तास कोरड्या फ्लॅनेलने पुसत बसत. "तेल लावाय कुणालाबी येतं, मास्तर," ते मला सांगत, "काढाय यायला पायजे." शेवटी वाकून आपली मिशी त्यात दिसते का पाहत. दिसली की आक्काला चहा टाकायला सांगत.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गेलो, तर आक्काने दारातच गाठले. "तुझ्या दाजींचं कायतरी बिघडलंय बघ. नवरदेवाचा पांढरा कोट काळा केलाय त्यांनी." दाजींनी तेल सोडून प्लॅस्टिकला बूटपॉलिश फासले होते. लग्नाच्या भाड्याला नवरदेव ऐटीत कोपर टेकून बसला आणि तेच काळे कोपर घेऊन बोहल्यावर उभा राहिला. मी हसलो. दाजी हसले नाहीत. मला मोटारीपाशी घेऊन गेले.

"तीनदा फासलं. पांढरं फटक ते पांढरं फटकच. तू बघ."

मी वाकलो. प्लॅस्टिक काळेभोर होते. त्यात माझा चष्मा दिसत होता, मागचा कडुलिंबसुद्धा दिसत होता.

"हाय का न्हाई पांढरं?"

"आहे थोडं," मी म्हणालो. खोटे बोलल्याबद्दल मी मुलांना छड्या मारलेल्या आहेत. त्याच दुपारी दाजी कराडचे भाडे घेऊन गेले. त्यांना थांबवायचे म्हणजे कारण सांगायला हवे होते. ते परत येईपर्यंत मी आणि आक्का ओट्यावर बसून होतो... नुसते बसून.

दुसऱ्या दिवशी चष्म्याचा नंबर काढू, असे आणखी एक खोटे सांगून त्यांना एसटीने मिरजेला नेले. डोळ्यांमागची नस सुकली आहे, उशीर झाला, आता इलाज नाही, असे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितले. येताना कराडला एसटी थांबली, तेव्हा दाजी माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हंजे गाडीचं काळंच हाय?"

"काळं कुळकुळीत."

"लय बरं झालं गड्या. मला वाटलं, माझा हात गेला."

मोटार पुन्हा स्टँडवर गेली नाही. विकत घ्यायला गिऱ्हाइके आली, पण दाजींनी मोटार दिली नाही. रविवारी चाचपून तेल लावत, चाचपूनच पुसत, बोट फिरवून पाहत. मी असलो तर विचारत, "मिशी दिसती का रं?" मला मिशी नाही. मी "दिसते" म्हणे आणि ते चहा टाकायला सांगत. गेले ते हृदय थांबून. डोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मागच्या रविवारी उंब्रजला गेलो होतो. डॅशबोर्ड आता खरोखरच पांढरा पडू लागला आहे. आक्काने न विचारताच फडकी काढून दिली. मी धुतले, वाळवले, तेल चोळले, पुसत बसलो. "ऱ्हाऊ दे आता," आक्का म्हणाली, "झालंय काळं." चहा झाला. संध्याकाळी निघताना पाहिले, तर डॅशबोर्डावर रस्त्याची धूळ चिकटून बसली होती. तेल पुरते निघाले नव्हते.